पोरगं तारण ठेवता येत नाही

ताई, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली. माझा थोरला भाऊ आणि वहिनी दर साली ऊसतोडीला जातात. गेल्या दसऱ्याला दोघांनी मिळून, म्हणजे एका कोयत्यावर, १ लाख ४० हजार रुपये उचल घेतली. पाचशेच्या स्टॅम्पवर भावाची सही आणि वहिनीचा अंगठा घेतला. जानेवारीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना भाऊ घसरला, गुडघा सुजला. पंचवीस दिवस तो खोपीत पडून होता. तेवढ्या दिवसांचा दिवसाला हजार रुपये खाडा लावला. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी गावाकडं आली. यांच्या नावावर ५८ हजार बाकी निघते म्हणून ज्याच्या ट्रॅक्टरवर होते त्या वाहनमालकानं कृष्णाकाठच्या आपल्या रानात यांना ठेवून घेतलं. दीड महिना झाला.

वहिनीला तेवढं सोडलं, पैसे आणायला. भाऊ आणि अकरा वर्षांचा माझा भाचा तिथंच आहेत. "पोरगं राहू दे इथं, म्हंजी तू परत येशील," असं तो वहिनीला म्हणाला. भाऊ गोठ्यात राबतो, रात्री पाणी धरतो. भाचा म्हशी राखतो. दोन वेळचं खायला देतात, मजुरी नाही. फोन काढून घेतलाय. रविवारी मालकाच्या फोनवर दोन मिनिटं बोलू देतात, तेही स्पीकर लावून.

आम्ही आमच्या ठाण्यात गेलो. तिथं म्हणाले, "उचल घेतलीय ना? मग हा दिवाणी मामला. आपसात मिटवा." कुलूप नाही, साखळी नाही, मारहाण नाही. मग डांबून ठेवलं असं म्हणता येईल का? घरचं अर्धा एकर रान विकायला काढलंय, गिऱ्हाईकही आलंय. विकून दोघांना सोडवून आणू का? तक्रार केली तर पुढच्या हंगामाला कोण उचल देईल? चूक आमचीच आहे ना, पैसे तर घेतलेच होते.

— एक बहीण

*

ताई,

रान विकू नका. गिऱ्हाइकाला सांगा, थांबा म्हणावं. आणि तो ५८ हजारांचा आकडा तुमच्या डोक्यात आणि तोंडात पक्का बसलाय, तो आधी खाली ठेवा. त्याच्याकडं आपण येऊच, पण आज तो महत्त्वाचा नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी नजर अडकली ती वहिनींना सांगितलेल्या त्या वाक्यावर. पोरगं राहू दे, म्हणजे तू परत येशील. भांडं सावकाराकडं ठेवतात, पोत ठेवतात, सातबारा ठेवतात. इथं पाचवीतलं लेकरू ठेवून घेतलंय. हे एक वाक्य वहिनींनी अधिकाऱ्यासमोर जसंच्या तसं सांगितलं, तर हा पैशाचा मामला आहे असं कोणालाही म्हणता येणार नाही.

तुमचा मुख्य प्रश्न कुलपाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आपण ज्याला डांबून ठेवणं म्हणतो त्याला कायद्याच्या मराठीत गैरपरिरोध असा अवघड शब्द आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हा गुन्हा कलम ३४० पासून पुढं होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तो कलम १२७ मध्ये आला. त्याची व्याख्या साधी आहे: माणसाला ठरावीक हद्दीबाहेर जाऊ न देणं. त्या हद्दीला भिंत असावी, दार असावं, दाराला कडी असावी, असं कुठंही लिहिलेलं नाही. कलमाखाली दोन उदाहरणं दिलीत. पहिल्यात भिंतीच्या आत कोंडून कुलूप लावलंय. दुसऱ्यात कुलूप नाहीच. बाहेर पडायच्या वाटांवर बंदूकवाले उभे केलेत आणि बाहेर पडलास तर गोळी घालतील असं त्या माणसाला सांगितलंय. इंग्रजांच्या काळात कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं, की माणूस भीतीनंही जागेवर खिळतो.

तुमच्या भावाच्या वाटेवर बंदूक नाही. पण तो बांध ओलांडून एसटीच्या थांब्यापर्यंत गेला, तर पोरगं मागं राहतं. पोराला घेऊन निघाला, तर माणसं मोटारसायकलवर मागं येतील हे त्याला ठाऊक आहे. खिशात फोन नाही, भाड्याला पैसे नाहीत, गुडघा दुखतोय. एवढं असल्यावर साखळीची गरज कोणाला लागते?

हेच तुमच्या भावालाही समजावून सांगावं लागणार आहे, आणि ते सगळ्यांत अवघड आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबासाठी मी एका तहसीलदारांबरोबर रानात गेले होते. मालकानं बाजा टाकल्या, चहा आणवला. पोलिसांनी त्या मजुराला सगळ्यांसमोर विचारलं, "तुला इथं जबरदस्तीनं ठेवलंय का?" तो म्हणाला, "नाही साहेब, मी राजीखुशीनं हाय." पोलीस उठायला लागले. त्या तहसीलदार शहाण्या होत्या. त्यांनी त्याला पाणी प्यायच्या निमित्तानं जीपपाशी नेलं आणि म्हणाल्या, "बरं, मग चल, आत्ता जीपमध्ये बस, तुझ्या गावाला सोडते." तो माणूस जीपकडं बघत राहिला, मग मालकाच्या बाजेकडं बघत हळूच म्हणाला, "त्यांना इचारून येऊ का?" तहसीलदारांनी हे वाक्य जबाबात शब्दशः घेतलं. संध्याकाळी ते कुटुंब त्याच जीपमधून बाहेर पडलं.

म्हणून तुमचा भाऊ पोलिसांसमोर "राजीखुशीनं आहे" म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका आणि हिंमतही सोडू नका. जबाब मालकापासून लांब, वेगळ्या जागी नेऊन, शक्यतो त्याच्या बायकोच्या उपस्थितीत घ्यावा, ही मागणी अर्जातच लिहा.

आता शिक्षेचं सांगते, कारण ठाण्यात बोलताना तुमच्याकडं आकडे हवेत. डांबून ठेवण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीन दिवस किंवा जास्त ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत. दहा दिवस किंवा जास्त ठेवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, आणि दंड किमान दहा हजार. जुन्या कायद्यात दहा दिवसांवरच्या बंदिवासाला तीन वर्षंच होती. नव्यात ती वाढवली. तुमच्या भावाला दीड महिना झालाय. शिवाय याच कलमात एक वेगळं पोटकलम आहे: एखादं देणं किंवा मागणी पुरी करून घेण्यासाठी कोणाला डांबलं, तर त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ठाण्यातल्या साहेबांनी तुम्हाला सांगितलं की उचल घेतली म्हणून हा गुन्हा नाही. कायदा बरोबर उलटं सांगतो. देण्यासाठी माणूस अडकवला, म्हणून हा जास्त गंभीर गुन्हा आहे.

आणि हे सगळे दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी एफआयआर नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून किंवा "अर्ज ठेवून जा" म्हणून भागत नाही. गुन्हा सांगली-साताऱ्याकडं घडला, आमच्या हद्दीत नाही, असंही म्हणता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, माहिती घ्यावीच लागते. याला झिरो एफआयआर म्हणतात. शून्य नंबरानं नोंदवून ती त्या हद्दीतल्या ठाण्याला पाठवतात. तिची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाणे अंमलदार ऐकतच नसतील तर तोच मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांना द्या. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो.

पण ताई, पोलीस ठाणं हे तुमचं एकच दार नाही. माझ्या मते पहिलंही नाही. तुम्ही पहिलं पाऊल त्या भागातल्या प्रांताधिकाऱ्यांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत टाका. कारण तुमच्या पत्रात दोन गुन्हे आहेत आणि तुम्हाला फक्त एकच दिसतोय. दुसरा वेठबिगारीचा.

वेठबिगार म्हटलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यांपुढं वीटभट्टीवरचे कातकरी येतात. ऊसतोड कामगाराला वेठबिगार म्हणायला कोणी तयार होत नाही, कारण उचल ही इतकी रुळलेली गोष्ट आहे. दसऱ्याच्या आधी गावोगाव मजूर गोळा करणारा मुकादम फिरतो, पैसे वाटतो, लेकीचं लग्न उरकतं, आजारपण निभावतं, दिवाळीनंतर ट्रॅक्टर येतो आणि गाव रिकामं होतं. सगळेच करतात त्याला गुन्हा कसा म्हणायचा, असं अधिकाऱ्यांनाही वाटतं. उचल घेणं गुन्हा नाहीच. पण उचलीच्या बदल्यात काय काढून घेतलं, ते कायदा बघतो. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ असं सांगतो: आगाऊ रकमेपोटी माणसाला किमान वेतनाहून कमी मजुरीवर किंवा फुकट राबावं लागलं, किंवा दुसरीकडं काम करायची मुभा गेली, किंवा देशात कुठंही फिरायचा हक्क गेला, तर ती वेठबिगारी. यातली एक गोष्टही पुरे. तुमच्या भावाच्या बाबतीत तिन्ही आहेत.

आता तुमच्या ५८ हजारांकडं येते. हा कायदा नुसता माणूस सोडवत नाही, वेठबिगारीपोटीचं देणंही संपवतो. कलम ६ प्रमाणे त्या देण्याची वसुली होऊ शकत नाही, त्यासाठी दावाही लावता येत नाही. आणि कलम ९ तर सांगतं, की असं संपलेलं देणं ज्यानं स्वीकारलं त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्ही रान विकून ५८ हजार नेऊन दिलेत, तर ते घेणंच त्याचा गुन्हा ठरू शकतो आणि तुमचं अर्धा एकर मात्र कायमचं जातं. शिवाय माझा अनुभव असा, की असा पैसा पोचला की नवी बाकी निघते. खाल्लेल्या ज्वारीची, दवाखान्याची, पोराला घेतलेल्या चपलेची.

त्या हिशेबाचंही बोलूया. आजारी माणसाला दिवसाला हजार रुपये खाडा कोणत्या कायद्यानं लावला? कामावर असताना गुडघा गेला, त्याचा औषधपाण्याचा खर्च कोणी केला? तोडणीचा दर कोणता धरला? जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटनांच्या बैठकीत तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली होती, ती धरली का? चार-साडेचार महिन्यांत दोघांनी किती टन तोडले याच्या वजनपावत्या कुठंत? आणि मार्चपासून गोठ्यात दोन माणसं राबताहेत, त्यांची मजुरी कोणाच्या खात्यावर? सगळं मांडलं तर कदाचित तो मालकच तुमच्या भावाचं देणं लागत असेल. पण मी परत सांगते, हा हिशेब माणसं बाहेर आल्यावर. बाकी ५८ हजार असो नाहीतर पाच लाख असो, भाऊ आणि भाचा त्याच्या रानात एक दिवसही अडकून राहू शकत नाहीत. हिशेबाच्या वादात शिरलात की तुम्ही त्यांच्या मैदानात खेळायला लागता आणि सुटका मागं पडते.

"पैसे तर घेतलेच होते" असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मला फार लागलं. म्हणून थोडं लांबून सांगते. समजा वेठबिगारी नाहीच, साधं हातउसनं आहे, आणि एखाद्यानं ते बुडवलं. तर धनकोनं, म्हणजे पैसे देणाऱ्यानं, काय करायचं? दिवाणी न्यायालयात दावा लावायचा, पुरावा द्यायचा, हुकूमनामा मिळवायचा. तरी पैसे आले नाहीत तर न्यायालय, फक्त न्यायालय, माणसाला दिवाणी तुरुंगात पाठवू शकतं, तेही जास्तीत जास्त तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटकच करता येत नाही. आणि १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ऐपत असून मुद्दाम न देणारा वेगळा आणि जवळ काही नाही म्हणून न देणारा वेगळा. निव्वळ गरिबीपायी देणं फिटलं नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. जे न्यायाधीशाला करता येत नाही, ते एक ट्रॅक्टरमालक आपल्या रानात करतोय. आणि चूक आपली म्हणून तुम्ही मान खाली घालताय.

तो पाचशेचा स्टॅम्पही याच हिशेबात बसतो. मी असे कागद पुष्कळ पाहिलेत. वर चार ओळी असतात, मधे भलीमोठी मोकळी जागा आणि खाली निळ्या शाईचा अंगठा. मोकळ्या जागेत पुढं काय लिहिलं जाईल ते अंगठेवाल्या बाईला कधीच माहीत नसतं. माणसाला वेठीला बांधणारा कोणताही करार, मग तो लेखी असो वा तोंडी, १९७६ च्या कायद्याच्या कलम ५ नं रद्दबातल आहे. कागद दाखवला तर घाबरू नका. उलट, आगाऊ रक्कम दिल्याचा तोच पुरावा आहे. आणि हे देणं वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याचा भार कायद्यानं धनकोवर टाकलाय, तुमच्यावर नाही.

आता कामाचं. अर्ज वहिनींच्या नावानं करा. त्या स्वतः तिथं राबल्यात, नवरा आणि मुलगा तिथं आहेत, आणि ते वाक्य त्यांनी कानांनी ऐकलंय. तुम्ही लिहून द्या, पण बोलू त्यांना द्या. कोणत्या तारखेला गेले, कोणत्या तारखेला पट्टा पडला, टोळी कधी परतली, वहिनींना कधी सोडलं, या तारखा नीट आठवून लिहा. बाजाराचा वार, सण, पोराचा वाढदिवस यांच्या आधारानं आठवतात. जागा नेमकी सांगा: गाव, कोणत्या रस्त्याला, विहीर किंवा गोठा कुठं, कोणत्या रंगाचा पत्रा. फोनपेवर काही पैसे पाठवले असतील, मालकाचे फोन आले असतील, तर त्यांचे फोटो काढून ठेवा. अर्ज एकाच वेळी जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना द्या, आवक शिक्का मारून पोच घ्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाची वाट बघू नका.

अर्जात दोन मागण्या स्पष्ट असू द्या. एक, १९७६ च्या कायद्याखाली चौकशी आणि सुटका. दोन, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली झडतीचं वॉरंट. हे दुसरं फारसं कोणी मागत नाही, आणि मला वाटतं ते मागितलंच पाहिजे. एखाद्याला डांबून ठेवलंय असं जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर ते त्या माणसाला शोधून काढायचं वॉरंट देऊ शकतात आणि तो सापडला की त्याला लगेच त्यांच्यापुढं आणावं लागतं. प्रांताधिकारी हेच उपविभागीय दंडाधिकारी. म्हणजे एकाच टेबलावर दोन्ही कायदे आहेत.

भाच्यासाठी १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर आजच फोन करा. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला लावणं बंद आहेच. शिवाय बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ मध्ये मुलाला कामासाठी बंधनात ठेवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. तुमचं कुटुंब अनुसूचित जाती किंवा जमातीतलं असेल तर अर्जात तसं लिहा. वेठबिगारी करायला लावणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वेठबिगारीचे बळी यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. त्यांचा फोन १५१००. आणि आठ-दहा दिवसांत काहीच हललं नाही, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणूस हजर करा अशी याचिका टाकायची. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच सर्किट बेंच बसतं, त्यामुळं मुंबई गाठायला नको.

काही गोष्टी करू नका. जीप भरून भावकी घेऊन तिकडं जाऊ नका. मारामारी झाली तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल आणि भाऊ दुसऱ्या रानात हलवला जाईल. वहिनींना पैसे घेऊन एकट्या परत पाठवू नका. रविवारच्या फोनवर अर्जाबद्दल एक अवाक्षर काढू नका, स्पीकर लावलेला असतो. जेवलास का, गुडघा कसाय, एवढंच बोला. आणि मुकादमाशी भांडण काढू नका. मी त्याची बाजू घेत नाही. पण त्यानंही बहुधा वाहनमालकाकडून पैसे उचललेले असतात, वाहनमालकानं कारखान्याकडून. टोळी पळाली की पहिला तोच सापडतो. अडचणीत आलेला मुकादम खरं बोलला तर तुमचा चांगला साक्षीदार होईल.

सुटका झाली की घाईनं गाडीत बसून गावाकडं निघू नका. त्या भागातल्या जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडून तिघांच्या नावानं मुक्ती प्रमाणपत्र घ्या. हो, वहिनींच्याही, त्याही तिथं बांधलेल्या होत्या. या एका कागदावर पुढचं सगळं अवलंबून आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत मिळते. पुढं पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख, आणि फार गंभीर प्रकरणात तीन लाखांपर्यंतची तरतूद आहे. मोठी रक्कम यायला वेळ लागतो, कारण ती खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे. हे मी आधीच सांगते, म्हणजे नंतर निराश होणार नाही. मालकाला जामीन मिळाला तरीही खचू नका. १९७६ च्या कायद्यातले गुन्हे जामीनपात्र आहेत, ही त्या कायद्याची मोठी उणीव आहे आणि ती मला कायम सलते.

उरला पुढच्या हंगामाचा प्रश्न. इथं मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मुकादमांचे आपसांत फोन असतात, "तो तक्रारवाला" हा शिक्का बसू शकतो. पण ज्या कुटुंबांबरोबर मी काम केलं, त्यांतल्या बहुतेकांना एक-दोन हंगाम जड गेले आणि मग काम मिळालं, कारण चांगला तोडणारा कोयता मुकादमाला हवाच असतो. तुमच्या भावाचा गुडघा बघता यंदा त्यानं फडात जाऊ नये असंच मला वाटतं. गावात रोजगार हमीचं काम मागा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून, ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र दोघांनीही काढून घ्या, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची मदत त्या नोंदीवर चालते. परत जायची वेळ आलीच तर उचल खात्यावर घ्यायची, कागदाची प्रत घरी ठेवायची, आणि रोजच्या टनांची नोंद वहिनींनी स्वतःच्या वहीत करायची. लिहिता येत नसेल तर टोळीतल्या कोणाकडून तरी लिहून घ्यायची. आणि भाचा मात्र परत फडावर जायचा नाही. भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहं आहेत. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तिथं चौकशी करा.

अर्जाची पहिली ओळ काय लिहावी, असं तुम्ही विचारलं नाही, पण मी सुचवते. उचलीपासून सुरुवात करू नका. "माझा अकरा वर्षांचा मुलगा आणि नवरा अमुक गावी अमुक माणसाच्या रानात आहेत, आणि मी पैसे आणीपर्यंत तो त्यांना येऊ देत नाही," अशी सुरुवात करा, आणि त्याखाली आजच्या तारखेपर्यंत किती दिवस झाले तो आकडा लिहा. अर्ज झाला की मला वाचून दाखवायला फोन करा. सदराच्या पत्त्यावर तुमचा नंबर तेवढा कळवा, मीच लावीन.